खड्डा की दगड

“सर, तुम्हीच बघा आणि सांगा. हे दगड आहेत की नाहीत?”

कौस्तुभनं लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. महाप्यातलं तेच ऑफिस, तीच मीटिंग रूम, एसीखाली ठेवलेली तीच प्लास्टिकची बादली. फरक इतकाच की या वेळी माझ्या गळ्यात ‘व्हिजिटर’ लिहिलेला बिल्ला होता. दिवाळीच्या आधीपर्यंत मी याच मजल्यावर बसत होतो. कौस्तुभ आमचा डिलिव्हरी हेड, म्हणजे काम वेळेवर क्लायंटकडे पोचवण्याची जबाबदारी त्याची. मला घरी पाठवण्याची जबाबदारीही त्यानंच वेळेवर पार पाडली होती.

स्क्रीनवर चंद्राचा एक तुकडा होता. राखाडी जमीन आणि तिच्यावर जिकडेतिकडे उठलेले लहान लहान उंचवटे. प्रत्येक उंचवट्याभोवती कॉम्प्युटरनं लाल चौकट काढली होती. लाल म्हणजे दगड.

“दिसतायत ना?” कौस्तुभ म्हणाला. “मला दिसतायत. आदित्यला दिसतायत. अख्ख्या फ्लोअरला दिसतायत. आणि त्या बाई म्हणतात हे खड्डे आहेत. डायरेक्ट मेल टाकलाय. तुमचे दगड हे खड्डे आहेत, कारण सांगा आणि दुरुस्त करा, नाहीतर काँट्रॅक्ट बंद.”

त्या बाई म्हणजे क्लायंटकडच्या शास्त्रज्ञ. परदेशातली एक कंपनी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ छोटं यान उतरवणार होती. कुठं उतरवायचं, हे ठरवायला त्यांना त्या भागाचा नकाशा हवा होता. तो आम्ही करत होतो. म्हणजे पूर्वी आम्ही करत होतो, आता मशीन करत होतं.

आदित्य समोरच बसला होता. त्यानंच ते मशीन, म्हणजे मॉडेल, शिकवून तयार केलं होतं. मुलगा हुशार आहे आणि त्याच्यावर माझा राग नव्हता. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. तो म्हणाला, “सर, काही फोटोंवर मॉडेल एकदम परफेक्ट चालतंय. काहींवर सगळं उलटं. पॅटर्नच सापडत नाहीये.”

मी एकदा स्क्रीनकडे बघितलं आणि मला कळलं. एवढंच काय, का झालं तेही कळलं. पण मी तोंड उघडलं नाही. चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि विचारलं, “चहा मिळेल का?”

हे समजायला आमचं काम काय होतं ते आधी सांगावं लागेल.

चंद्राभोवती घिरट्या घालणारी यानं आहेत. त्यांना ऑर्बिटर म्हणतात. ती वरून फोटो काढत राहतात, आणि त्यातले पुष्कळसे कुणालाही बघायला मिळतात. कॅमेरे इतके चांगले की फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा साधारण जेवायला बसायच्या पाटाएवढा चौकोन. याला रिझोल्यूशन म्हणतात. घरातल्या फ्रिजएवढा दगड असेल तर तो अशा फोटोत तीन-चार ठिपक्यांचा दिसतो. आमचं काम हे असे दगड आणि खड्डे शोधून त्यांच्यावर खुणा करायचं. दगडाला लाल, खड्ड्याला निळी. यानाला दोन्ही वाईट, पण वेगवेगळ्या तऱ्हेनं. दगड यानाच्या पोटाला लागतो. खड्ड्याच्या उतारावर पाय पडला तर यान कलंडतं. उथळ, झिजलेला खड्डा असेल तर एक वेळ चालून जातं, दगड चालत नाही. म्हणून दगड कुठला आणि खड्डा कुठला, हे नीट ठरवावं लागतं.

मी मूळचा साताऱ्याकडचा. जिऑलॉजी शिकलो आणि पोटासाठी मुंबईला आलो. आयुष्यभर वरून काढलेले फोटो वाचायचं काम केलं. याला इमेज इंटरप्रिटेशन म्हणतात. कोपरखैरण्यात बोनकोड्याच्या शेजारी घर घेतलं तेव्हा बायको नातेवाइकांना सांगायची, हे फोटो बघतात. लोकांना वाटायचं, मी लग्नाचे अल्बम करतो.

पहिल्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात साहेबांनी माझ्यासमोर सह्याद्रीचा उपग्रहातून काढलेला फोटो ठेवला आणि विचारलं, ओळखीचं काही दिसतंय का. मी आमच्या गावाजवळची डोंगररांग बोटानं दाखवली. साहेब हसले. त्यांनी कागद धरून अर्धा फिरवला, वरची बाजू खाली केली. माझी डोंगररांग खाली बसली आणि तिची दरी झाली. ज्या ओढ्यात मी लहानपणी खेकडे धरले, त्याला मी डोंगर म्हणालो होतो.

कारण साधं आहे. माणसाच्या डोळ्याला उजेड वरून यायची सवय आहे. सूर्य वर, दिवाही वर. म्हणून फोटोत कुठल्याही गोष्टीची वरची कड उजळ आणि खालची काळी असली की आपण तिला उंचवटा समजतो. उलट असेल तर खळगा. पण फोटो काढताना ऊन खालच्या बाजूनं आलं असेल, तर डोळा सरळ फसतो. खड्डे उंचवटे होतात आणि उंचवटे खड्डे. कितीही शिकलात तरी डोळा फसतोच. उपाय एकच. फोटो असा फिरवायचा की उजेड वरून, डाव्या हाताच्या कोपऱ्यातून यावा. मग सगळं जागच्या जागी बसतं.

चंद्राच्या ध्रुवाजवळ तर सूर्य क्षितिजाला धरून गोल फिरतो. एका फोटोत ऊन इकडून, दुसऱ्यात तिकडून. त्यामुळे आमच्या टीममध्ये सवयच होती. नवा फोटो उघडला की पहिल्यांदा कीबोर्डवरचं आर दाबायचं. आर दाबलं की फोटो फिरतो. उजेड वर-डावीकडे आला की थांबायचं आणि मग खुणा. “आर मारला का?” हे आमच्याकडे “जेवलास का?” इतकं रोजचं होतं. कुणाला शिकवावं लागत नव्हतं आणि म्हणूनच ते कुठंही लिहिलेलं नव्हतं.

वनिता कांबळेच्या कीबोर्डवरचं आर हे अक्षर पार पुसून गेलं होतं.

वनिता आमच्या टीममधली सगळ्यात तयार नजर. नावड्याला राहते. वडील मराठवाड्यातून तळोज्याच्या कारखान्यात कामाला आले आणि तिथंच राहिले. ती बी.एस्सी. करून, नकाशांचा कोर्स करून आमच्याकडे लागली, ती टिकली. घर तिच्याच पगारावर चालतं. वडील थकलेत, धाकटा भाऊ धड कुठं लागत नाही. पाठीचं दुखणं आहे, म्हणून खुर्चीत ठेवायला घरून एक निळी उशी आणलेली. चंद्राच्या त्या पट्ट्यात एखादा खड्डा दाखवला की ती म्हणायची, “सर, हा तर वाडग्यावाला. याच्या शेजारी तीन दगड एका लाइनीत आहेत बघा.” आणि असायचे. नावड्याच्या गल्ल्या तिला इतक्या पाठ नसतील.

मग मॉडेल आलं. कौस्तुभनं आम्हा सहाही जणांना बोलावून समजावलं. मशीनला शिकवायला चांगली उदाहरणं लागतात, ती तुम्ही द्यायची. किचकट काम मशीन करेल, तुम्ही फक्त तपासायचं. तुमचं प्रमोशनच समजा. आम्ही समजलो. वनितानं तर जीव ओतून खुणा केल्या. “त्याला चुकीचं शिकवायला नको ना सर,” म्हणायची, जणू घरातल्या पोराचा अभ्यास घेतेय.

आम्ही खूण केली की आमचं सॉफ्टवेअर तिच्याभोवतीचा चौकोनी तुकडा आपोआप कापून ठेवायचं. असे ढिगानं तुकडे जमले. ते खाऊन मॉडेल तयार झालं. परीक्षा घेतली तर मार्क उत्तम, कारण परीक्षेचे तुकडेही त्याच ढिगातले होते. मार्कांचा तक्ता मोठ्या स्क्रीनवर लावून केक कापला. वनितानं मला कोपऱ्यातला गुलाबाचा तुकडा आणून दिला. त्यानंतर पंधरवड्यात आम्हा सहाही जणांना एचआरनं एकेक करून खोलीत बोलावलं.

माझं वय झालं होतं, घराचे हप्ते फिटले होते. मी चिडलो, पण मोडलो नाही. वनिता तळोज्याला एका पॅकिंगच्या ठिकाणी काँट्रॅक्टरमार्फत लागली. दिवसभर उभं राहायचं काम. एकदा फोनवर म्हणाली, “सर, इथं पण बघायचंच काम आहे. बाटलीचं झाकण वाकडं आहे का ते बघायचं.” आणि हसली. मला काही हसू आलं नाही.

तर, मीटिंग रूममध्ये चहा आला.

मी बघितल्याबरोबर काय ओळखलं होतं ते आता तुम्हालाही कळलं असेल. आमचे तुकडे कापले जात होते ते स्क्रीनवर दिसतात तसे, म्हणजे फिरवलेले. ढिगातल्या प्रत्येक तुकड्यात उजेड वर-डावीकडून. मॉडेलनं दुसरा उजेड जन्मात बघितला नव्हता. आता त्याला कच्चे फोटो दिले जात होते, न फिरवलेले. ज्या फोटोत योगायोगानं ऊन वरून आलं, तिथं ते बरोबर. जिथं खालून आलं, तिथं खड्ड्यांना दगड आणि दगडांना खड्डे. मॉडेलला तरी काय बोलणार. तपासायला बसलेल्या माणसांचे डोळेही तसेच फसत होते. फ्लोअरवरच्या एकानंही फोटो फिरवून बघितला नव्हता, कारण फिरवणारे सगळे घरी होते.

मला मनापासून आनंद झाला. खोटं कशाला बोलू. केक कापलेल्या टेबलावर ही वेळ आली होती आणि ती बघायला मी होतो.

“कळलं का काही?” कौस्तुभनं विचारलं.

“कळलं.”

“मग?”

“सांगतो. आधी वनिताला परत घ्या.”

कौस्तुभ खुर्चीत मागे रेलला. “सर, असं काय करता. आपण घरचे लोक.”

“घरच्यांना घरीच पाठवलंत ना. वनिता आणि बाकीचे चौघं. माझं राहू द्या, मला नको.”

“पाच जण? इम्पॉसिबल. मला वर उत्तर द्यायचंय.”

“मग क्लायंटला उत्तर द्या.”

तो आदित्यकडे बघत राहिला. आदित्य कपाकडे बघत राहिला. कौस्तुभ माणूस वाईट नाही, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो होतो. गणपतीत माझ्या घरी येऊन जेवून जायचा. बायकोनं वाढलेलं अळूवडीचं ताट दोनदा मागून घ्यायचा. शेवटी तो म्हणाला, “चौघांचं मी आत्ता सांगू शकत नाही, खोटं कशाला बोलू. पण वनिता मॅडम नक्की. तपासायला एक अनुभवी माणूस लागणारच आहे. माझा शब्द.”

“लेखी द्या.”

“सर, तुम्हाला माझा शब्द पुरत नाही? आत्ता फोन लावतो, तुमच्यासमोर. मग तर झालं?”

त्यानं फोन स्पीकरवर लावला. मागून कसल्यातरी पट्ट्याचा खडखडाट ऐकू येत होता. कौस्तुभ गोड आवाजात म्हणाला, “वनिता मॅडम, कौस्तुभ बोलतोय. परवापासून ऑफिसला या. तुमच्या जागेवर. शिर्के सर समोरच बसलेत.”

पलीकडचा खडखडाट जरा लांब गेला. मग ती म्हणाली, “पर्मनंट का सर?”

“एचआरचा मेल सोमवारपर्यंत येईल. प्रोसेस असते ना. तुम्ही काम सुरू करा.”

“इथं एक दिवस खाडा झाला तरी दुसरी बाई उभी करतात, सर. मग परत घेत नाहीत.”

“मॅडम, आता तिकडची चिंता सोडा.”

“शिर्के सर,” ती म्हणाली, “तुमी आहात ना तिथं? तुमी ऐकलं ना?”

“ऐकलं,” मी म्हणालो.

“मग झालं.”

फोन ठेवला. बाकीच्या चौघांचं मी सोडून दिलं होतं, हे मला त्या क्षणी टोचलं. पण एक तरी वाचली असं म्हणून मी लॅपटॉपकडे वळलो.

मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि उलटा केला. कीबोर्ड वर, स्क्रीन खाली. कौस्तुभ दचकला, त्याला वाटलं मी आपटतोय.

“आता बघा,” मी म्हणालो.

दोघं वाकले. स्क्रीनवरचा प्रत्येक उंचवटा आत गेला होता. लाल चौकटींमध्ये खड्डे होते, सुबक गोल खड्डे, नजर हटवली तरी खड्डेच. मी लॅपटॉप सरळ केला. उंचवटे झाले. पुन्हा उलटा केला. खड्डे.

आदित्य म्हणाला, “शिट.” आणि मग लगेच, “सर, तुम्ही लोक मार्किंग करताना फिरवायचात?”

“प्रत्येक वेळी.”

“पण कुठंच डॉक्युमेंटेड नव्हतं.”

“तुम्ही कधी विचारलं नव्हतं. आमच्या शेजारी येऊन दहा मिनिटं बसला असतात तरी दिसलं असतं.”

तो खाली मान घालून टाइप करायला लागला. प्रत्येक फोटोबरोबर त्या वेळी सूर्य कुठल्या दिशेला होता याची माहिती येते. ती वाचायची, फोटो त्याप्रमाणे फिरवून मगच मॉडेलला द्यायचा. मोजून चार ओळींचा प्रोग्रॅम. आम्ही सहा जण वर्षानुवर्षं बोटानं जे करत होतो, ते चहा निवायच्या आत कॉम्प्युटरमध्ये गेलं. पण कौस्तुभनं माझा हात दोन्ही हातांत घेतला होता आणि मी स्वतःवर खूश होतो.

वनिता आली. निळी उशी घेऊन आली. तिची जुनी जागा खिडकीची, तिथं दुसरा मुलगा बसला होता. तिला प्रिंटरशेजारी टेबल दिलं. कीबोर्ड नवा होता, सगळी अक्षरं ठळक. संध्याकाळी मला फोन केला. आवाज इतका मोकळा की मी बायकोला बोलावून स्पीकरवर टाकला.

“सर, वाडग्यावाला आहे तिथंच आहे,” ती म्हणाली. “मशीननं त्याच्या शेजारचे तीनमधले दोनच दगड पकडले. तिसरा सावलीत आहे ना. मी दाखवला.”

रोज असे फोन यायचे. यान उतरवायच्या जागा क्लायंटनं दोनवर आणल्या होत्या, त्यातली एक वनितानं नाकारली. मशीनला ती साफ वाटत होती. हिनं एका मोठ्या खड्ड्याच्या कडेच्या सावलीत बारीक ठिपके बघितले, वेगळ्या दिशेच्या उन्हात काढलेला त्याच भागाचा फोटो शोधून काढला आणि तिथं दगडांची रास दाखवली. क्लायंटच्या बाईंनी मेलमध्ये लिहिलं, उत्तम. कौस्तुभनं तो मेल सगळ्यांना पाठवला. वनिताला पाठवायचा राहिला, कारण तिला कंपनीचा ईमेल अजून मिळाला नव्हता.

सोमवार गेला होता. एचआरचा मेल आला नव्हता.

“गेटवर रोज व्हिजिटरची स्लिप फाडतात, सर,” ती एकदा म्हणाली. “फोटो काढतात, कुणाला भेटायचं विचारतात. मी म्हणते, चंद्राला.”

मी कौस्तुभला फोन केला. तो म्हणाला, “सिस्टिममध्ये टाकलंय, अप्रूव्हल यायचंय, डोन्ट वरी.” मी आणखी दोनदा केला. दोन्ही वेळा हेच, फक्त ‘डोन्ट वरी’ आधी आलं.

मग वनितानं एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणाली, “आदित्य शेजारी बसतो. माझा स्क्रीन रेकॉर्ड होतो. मी काही दुरुस्त केलं की विचारतो, मॅडम, हे कसं ओळखलं. मी सांगते.”

“कशाला सांगतेस?” मी म्हणालो. “मेल येईपर्यंत गप्प बस.”

“कळतंय हो सर. पुन्हा तेच करतेय मी, कळतंय. पण कोणी विचारलं की सांगावंसं वाटतं. घरात कोण विचारतं? पॅकिंगला कोण विचारत होतं?”

मी स्वतःही एका कप चहावर सगळं सांगून आलो होतो.

नकाशा क्लायंटनं मंजूर केला. दुसऱ्या दिवशी सकाळी वनिताचा फोन आला.

“सर, आज स्लिप पण नाही,” ती म्हणाली. “गेटवर लिस्टमध्ये नाव नाही म्हणतात. कौस्तुभ सर फोन उचलत नाहीत. माझी उशी वर आहे.”

मी रिक्षा करून गेलो. कोपरखैरण्याहून महापे जवळच आहे. ती गेटबाहेर सिक्युरिटीच्या केबिनच्या सावलीत उभी होती, डब्याची पिशवी हातात. इस्त्री केलेला ड्रेस घातला होता. सिक्युरिटीवाला पाटील इथलाच, बोनकोड्याचा, मला वर्षानुवर्षं ओळखणारा. तो माझ्या नजरेला नजर देईना.

“सायेब, माझे हातान काय नाय,” तो म्हणाला. “वरशी लिस्ट येते. लिस्टमदी नाव असंल तर सोरतो.”

“ठीक आहे. हिची उशी तरी आणून दे.”

तो गेला. मी कौस्तुभला फोन लावला. माझा नंबर बघून उचलला, हे त्याचं मोठेपण.

“सर, मी फाइट केली,” तो म्हणाला. “वरून हेडकाउंट फ्रीझ आलाय. पूर्ण कंपनीत भरती बंद. माझ्या हातात काय आहे सांगा.”

“तुझा शब्द होता.”

“शब्द माझा होता सर, पोस्ट माझी नाहीये ना. जेवढे दिवस आल्या त्याचं पेमेंट पूर्ण करतोय. आणि पुढे काही ओपनिंग आलं तर पहिला कॉल मॅडमना.”

“तिनं तिथली नोकरी सोडली, कौस्तुभ. तू फोनवर सांगितलंस चिंता सोडा म्हणून. मी समोर होतो.”

“सर, मी सोडा असं नाही म्हणालो. चिंता सोडा म्हणालो.”

मी त्याला शिवी दिली. साताऱ्याची, ठेवणीतली. इथं लिहिण्यासारखी नाही. इतक्या वर्षांत ऑफिसमधल्या कुणाला दिली नव्हती. त्यानं ऐकून घेतली आणि म्हणाला, “सर, मी मीटिंगमध्ये आहे.”

पाटील उशी घेऊन आला. “ताय, ही घ्या,” म्हणाला. उशीवर कुणीतरी चहा सांडला होता. वनितानं तो डाग बघितला, उशी उलटी केली आणि काखेत मारली.

“नकाशा गेला ना सर?” तिनं विचारलं.

“गेला.”

“बरोबर गेला? ती दगडांची रास घातली ना त्यात?”

“घातली.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली. डब्याची पिशवी सावरत म्हणाली, “तुमच्यावर राग नाही सर. पण तुमी ऐकलं म्हणून मी आले. त्यांच्यासाठी नसते आले.”

मी तिला रिक्षात बसवलं. पैसे देऊ लागलो तर घेतले नाहीत. रिक्षा वळेपर्यंत ती उशी मांडीवर घेऊन सरळ समोर बघत बसली होती. मी गेटवर उगाचच उभा राहिलो. पाटील आतून खुर्ची घेऊन आला आणि ती माझ्याजवळ ठेवली. मी बसलो नाही.

जुन्या ठिकाणी तिच्या जागी दुसरी बाई उभी केली होती, ती म्हणाली होती तसंच. काही आठवडे घरी बसून ती आता उलव्याला एका बिल्डरच्या साइट ऑफिसात फ्लॅट बघायला येणाऱ्यांची नावं उतरवून घेते. नावड्याहून दोन बस बदलून जाते. चंद्राचं आता बोलत नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाली, “राहू द्या ना सर.”

दिलेल्या दिवसांचं पेमेंट झालं, त्याबद्दल तक्रार नाही. कंपनीनं सोशल मीडियावर एक पोस्ट टाकली. आमचं मॉडेल माणसाच्या नजरेइतकंच बारीक बघतं, असं तिच्यात लिहिलंय. सोबत फोटो आहे. प्रिंटरशेजारच्या टेबलावर एक बाई पाठमोरी बसलीय, समोर स्क्रीनवर चंद्र, पाठीशी निळी उशी. नाव नाही. कौस्तुभनं खाली लिहिलंय, टीमचा अभिमान आहे. मी त्याखाली वनिताचं पूर्ण नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी माझी कमेंट तिथं नव्हती.

यान अजून निघालेलं नाही. जाईल तेव्हा वनितानं राखलेल्या जागेवर उतरेल आणि मला खात्री आहे, नीट उतरेल.

ओळखीची मुलं कधी कधी विचारतात, काका, या धंद्यात काय शिकायला लागतं. मी सांगतो, दोनच गोष्टी. फोटो समोर आला की आधी उजेड कुठून येतोय ते बघायचं. आणि कुणी अडचणीत बोलावून चहा दिला तर आधी सही घ्यायची, मग लॅपटॉप उलटा करायचा. पहिली गोष्ट आता मशीनला येते.